'अमुक' या शब्दाचें महत्त्व

घरीं मंगलकार्य निघालें म्हणजे उपाध्येबोवा यजमानाच्या हातावर पळीभर पाणी घालून संकल्प सांगूं लागतात, हें आमच्या बहुतेक बालवाचकांनीं पाहिलेंच असेल. देश, काल, तिथि, वार यांचा उच्चार होतां होतां एक ठिकाण असें येतें कीं, तेथें पोथींत 'अमुक गोत्र, अमुक नांव' असें छापलेलें असतें. बोवा तो शब्द जशाचा तसा कधीं उच्चारीत नाहींत. 'अमुक' आला कीं ते किंचित् थांबतात, यजमानाच्या मुखाकडे पाहतात, आणि यजमान आपलें गोत्र व नांव सांगतो. ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेंतही अशीच रीत आहे. सन १६६२ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकांत बालकांसाठीं जी प्रश्नोत्तरी आहे, तिचा पहिलाच प्रश्न 'तुझें नांव काय?' हा असून उत्तराच्या जागीं 'एन् किंवा एम्' एवढेंच छापलेलें आहे. हें कोणाचें नांव नव्हे. ही केवळ जागा आहे, आणि ज्याला प्रश्न विचारला तो ती आपल्या नांवानें भरतो.

या दोन्ही पोथ्या रचणारांच्या ध्यानांत एक गोष्ट पक्की होती. वाक्य निराळें आणि त्यांत भरावयाचें नांव निराळें. समजा, एखाद्या मिस्किल यजमानानें नांव विचारतांच सांगितलें कीं, "गंगाधर, संकल्प येथें समाप्त झाला, आतां सर्वांनीं पानावर बसावें." उपाध्येबोवा हसतील, कदाचित् रागावतीलही, परंतु मंडळी उठून पानांकडे धांव घेणार नाहींत. 'अमुक'च्या जागीं जें येईल तें नांव, आज्ञा नव्हे, हें तेथें बसलेल्या शेंबड्या पोरासही ठाऊक असतें. संगणकास मात्र तें आपोआप ठाऊक नसतें. त्याला तें शिकवावें लागतें, आणि जेथें तें शिकविलेलें नाहीं तेथें एका मिस्किल यजमानाच्या शब्दासरशीं सारी पंगत खरोखरच उठते.

हा विषय आमच्या रोजच्या कामाचा आहे. आम्ही तिघे मित्र संगणकाचा व्यवसाय करितों. राजारामपुरींत एका माडीवर आमची खोली आहे, आणि गेलें वर्षभर तेथें आम्ही एक लहानशी 'क्लायंट लायब्ररी' तयार करीत आहों. हिच्यांत पुस्तकें नसतात. ही कोणती वस्तु आहे तें सांगण्यासाठीं थोडी प्रस्तावना करणें अवश्य आहे. ती विद्यार्थी मित्रांनीं सहन करावी.

शाळेचें जनरल रजिस्टर आतां पुष्कळ ठिकाणीं संगणकांत उतरलें आहे. नांव, आडनांव, जन्मतारीख असे स्तंभ, आणि प्रत्येक विद्यार्थ्याची एक ओळ. अशा कोष्टकांच्या भांडारास डेटाबेस म्हणतात. माहिती अशा रीतीनें कोष्टकांत मांडावी हा विचार एडगर कॉड या शास्त्रज्ञानें सन १९७० मध्यें एका निबंधांत मांडला. त्या भांडारास प्रश्न विचारण्यासाठीं डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं एक भाषा रचून ती सन १९७४ मध्यें प्रसिद्ध केली. तिघेही आय.बी.एम्. कंपनीच्या नोकरींत होते. त्या भाषेचें पहिलें नांव 'सीक्वेल'. पुढें तिला 'एस्‌क्यूएल' म्हणूं लागले, आणि अर्धें शतक लोटलें तरी तिचेंच राज्य चालू आहे. आतां ज्या पडद्यावर कारकून अर्ज भरतो तो प्रोग्रॅम एका ठिकाणीं असतो आणि डेटाबेस दुसऱ्या ठिकाणीं. पूर्वी दरबारोदरबारीं वकील असत, धन्याचें म्हणणें तिकडे पोंचवीत व तिकडील उत्तर इकडे आणीत, तें काम या दोहोंमध्यें जी करिते ती क्लायंट लायब्ररी.

प्रोग्रॅमला विचारावयाचें असतें साधेंच. "विद्यार्थी या कोष्टकांतून ती ओळ दे, जिच्यांतील आडनांव 'पाटील' असें आहे." आडनांवाच्या दोहों बाजूंस अवतरणचिन्ह असतें; त्यावरून नांव कोठें सुरू झालें व कोठें संपलें तें डेटाबेसला कळतें. आळशी कारागीर हें वाक्य कसें बनवितो? पुढचा तुकडा घेतो, त्याला अर्जांतील नांव चिकटवितो, मागचा तुकडा जोडतो, आणि सर्व मिळून एक लांब ओळ वकिलाच्या हातीं देतो. पाटील, माने, घाटगे, शेख, चौगुले यांच्या बाबतींत कांहींच बिघडत नाहीं. वर्षें निघून जातात. मग एके दिवशीं अर्ज येतो डिसोझांच्या मुलीचा.

हें आडनांव देवनागरींत आपण सरळ 'डिसोझा' लिहितों; परंतु रोमन लिपींत पुष्कळ कुटुंबें तें 'डी' या अक्षरानंतर वर एक लहानशी खूण देऊन लिहितात. मूळच्या पोर्तुगीझ शब्दांतील एक स्वर तेथें गळालेला आहे, त्याची ती खूण. संस्कृत शिकणाऱ्या मुलांस अवग्रह ठाऊक आहे. 'शिवोऽहम्' यांत जो 'अ' लोपला त्याची आठवण तो देतो, तसाच हा प्रकार. दुर्दैव एवढेंच कीं, संगणकाच्या कळफलकावर ही खूण आणि एस्‌क्यूएलमधील अवतरणचिन्ह हीं दोन्हीं एकच आहेत. डेटाबेस वाक्य वाचूं लागतो, 'डी' पाशीं येतो, तेथें अवतरण संपलें असें समजतो, आणि पुढील 'सोझा' ही कोणती आज्ञा म्हणून विचारांत पडतो. अशी आज्ञा त्याच्या व्याकरणांत नाहीं. तो सारेंच वाक्य फेटाळून लावतो.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबावर हा प्रसंग आला. मंडळी सावंतवाडीकडील, वडिलांच्या नोकरीमुळें कोल्हापुरास स्थायिक झालेलीं. मुलीनें एका परीक्षेचा अर्ज भरावयास घेतला, तेव्हां यंत्र पुनः पुन्हां 'अर्ज चुकीचा आहे' असेंच म्हणूं लागलें. खिडकीवरील गृहस्थांनीं सांगितलें, "नांवांत दोष आहे, वरची खूण काढा." खूण काढली. पुढें दुसऱ्या एका ठिकाणीं तेथील गृहस्थांनीं खुणेच्या जागीं मोकळी जागा सोडली. जन्माच्या दाखल्यावर मूळची खूण तशीच होती. तीन वर्षांनीं मुलीस शिष्यवृत्ति मिळावयाची वेळ आली, तेव्हां तीन कागदांवरील तीन आडनांवें तिसऱ्याच एका संगणकानें ताडून पाहिलीं आणि ह्या तीन निरनिराळ्या मुली आहेत असा निर्णय दिला. वडिलांनीं प्रतिज्ञापत्रें केलीं, वर्तमानपत्रांत जाहिरात दिली, चार कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविल्या. शिष्यवृत्तीची मुदत त्यांच्यासाठीं थांबली नाहीं.

नांवांत दोष होता काय? मुळींच नाहीं. दोष चिकटविणाराचा होता. मुलीच्या आजोबांचें, पणजोबांचें नांव जसें होतें तसें तिनें लिहिलें. यंत्राला तें पेलत नाहीं म्हणून माणसानें आपलें नांव कापून घ्यावें, ही उलटी रीत आम्हांस कधींच मान्य होणार नाहीं. पायाच्या मापाचा जोडा शिवावा. जोड्याच्या मापाचा पाय करूं नये, हें कोल्हापुरांत तरी कोणास सांगावयास नको!

परंतु अर्ज फेटाळला जाणें हें त्यांतल्या त्यांत सौम्य संकट. याहून भयंकर प्रकार निराळाच आहे. ज्या फटींतून निरपराध डिसोझा अडकते, त्याच फटींतून लबाड मनुष्य आंत शिरतो. तो नांवाच्या चौकटींत मुद्दाम अवतरणचिन्ह घालतो, आणि त्यापुढें स्वतःची आज्ञा लिहितो: सर्व ओळी दाखव, किंवा सारें कोष्टकच पुसून टाक. यंत्र तें निमूटपणें करितें, कारण त्याच्या दृष्टीनें सारी ओळ एकाच हातची.

मराठी वाचकांस ही युक्ति नवी नाहीं. 'ध'चा 'मा' करणें हा वाक्प्रचार आपण लहानपणापासून ऐकतों. नारायणराव पेशव्यांचा वध ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत झाला, हें इतिहासांत निश्चित आहे. गारद्यांस दिलेल्या चिठ्ठींत 'धरावें' असें होतें तें आनंदीबाईनें 'मारावें' असें केलें, ही आख्यायिका. ती सिद्ध झालेली आहे असें म्हणतां येत नाहीं. परंतु आख्यायिका सांगणारांस कागदाचा स्वभाव बरोबर कळला होता. मूळ आज्ञा आणि मागून पडलेली रेघ एकाच कागदावर, एकाच शाईंत असली म्हणजे वाचणारास त्यांतील भेद कळण्याचा उपाय नाहीं.

हें भय जुन्या व्यवहारांतही सर्वत्र दिसतें. हुंडीवर रक्कम आंकड्यांत लिहीत, मग अक्षरी लिहीत, आणि तेवढ्यावर न थांबतां तिचे निमे किती व त्याची दुप्पट किती हेंही लिहीत, म्हणजे एका शून्यानें शंभराचे हजार करावयाचे तर तीन ठिकाणीं हात मारावा लागे. आजही आपण धनादेशावर 'पांचशें' लिहून पुढें 'फक्त' किंवा 'मात्र' असें लिहितों. तो शब्द शोभेचा नव्हे, तो दाराचा अडसर आहे. येथील पुराभिलेखागारांत कोल्हापूर संस्थानच्या दप्तरांतील मोडी कागद जतन केलेले आहेत. मोडींत शब्दांमध्यें जागा सोडण्याची चाल नाहीं. कलम न उचलतां ओळ चालते. अशा लेखनांत कोठें काय घुसडतां येईल याचा विचार दप्तरदारांस सदैव करावा लागत असेल, यांत नवल नाहीं.

संगणकांतील या घुसखोरीचें वर्णन डिसेंबर १९९८ मध्यें 'फ्रॅक' नांवाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. त्यानंतर तिच्याविषयीं ग्रंथ लिहिले गेले, व्याख्यानें झालीं, आणि तरीही सन २०१५ मध्यें इंग्लंडांतील टॉकटॉक या दूरध्वनि कंपनीच्या १,५६,९५९ ग्राहकांची खाजगी माहिती याच मार्गानें चोरीस गेली. सरकारी माहिती-आयुक्तांनीं पुढील वर्षीं कंपनीस चार लक्ष पौंड दंड केला. या प्रकरणांत गुन्हा कबूल करणारांपैकीं एक जण अवघा सतरा वर्षांचा मुलगा होता. म्हणजे आमच्या वाचकांतील थोरल्या मुलांएवढाच. सतरा वर्षांच्या मुलास जी फट दिसते ती मोठ्या कंपनीच्या पगारी मंडळीस दिसूं नये, याचें आम्हांस दंडापेक्षांही अधिक आश्चर्य वाटतें.

यावर पहिला उपाय सुचला तो हुंडीच्या जातीचा, म्हणजे अडसराचा. नांवांत अवतरणचिन्ह दिसलें कीं तें दुप्पट करावें, अथवा त्यामागें एक उलटी तिरपी रेघ घालावी, म्हणजे डेटाबेसला कळेल कीं हें नांवाचेंच अंग आहे. पी.एच्.पी. या भाषेंत तर बाहेरून येणाऱ्या प्रत्येक शब्दाला ही रेघ आपोआप लागण्याची सोय होती. तिला 'जादूचीं अवतरणें' असें नांव होतें. जादू बरीच अंगलट आली. कोणी विसरून दोनदां रेघ लावी, कोणी काढावयास विसरे, आणि अभिनंदनाच्या पत्रावर सुद्धां आडनांवाच्या मध्यें ती तिरपी रेघ छापून येई. सन २०१२ मध्यें त्या भाषेच्या ५.४ या आवृत्तींतून ती सोय काढून टाकण्यांत आली. सन २००६ मध्यें आणखी एक मौज उघडकीस आली. चिनी व जपानी लिपींच्या कांहीं संकेतपद्धतींत ती तिरपी रेघच आधींच्या अर्धवट अक्षराला चिकटून निराळेंच अक्षर बनते, आणि अवतरणचिन्ह पुनः उघडें पडतें. अडसर होता, पण चोरानें दारच बदललें.

खरा उपाय उपाध्येबोवांचा. वाक्यांत 'अमुक' लिहावें आणि नांव निराळें द्यावें. वाक्य एका लखोट्यांत, नांवें दुसऱ्या लखोट्यांत. आणि दोन्ही डेटाबेसच्या दारापर्यंत निरनिराळे जावे. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ७.४ या आवृत्तींत, सन २००३ मध्यें, याची व्यवस्था त्याच्या संभाषणाच्या नियमांतच करण्यांत आली. प्रथम वाक्य जातें, त्यांत भरावयाच्या जागांना पहिली, दुसरी असे क्रमांक असतात. डेटाबेस तें वाचतो, त्याचें व्याकरण लावतो, कोणती आज्ञा आहे तें कायम करितो. मग दुसरा निरोप जातो, त्यांत त्या जागांवर घालावयाचीं नांवें व आंकडे. मग तिसरा निरोप: आतां काम कर. नांव येऊन पोंचतें तेव्हां वाक्याचा अर्थ ठरून गेलेला असतो. त्या नांवांत 'संकल्प समाप्त' असे शब्द असले तरी 'गंगाधर. संकल्प समाप्त' अशा लांबलचक नांवाचा विद्यार्थी रजिस्टरांत आहे काय, एवढेंच डेटाबेस पाहतो, आणि 'नाहीं' म्हणून सांगतो. डिसोझांची मुलगी मात्र आपल्या खुणेसह तत्काळ सांपडते. शिवाय एकच वाक्य एकदां समजावून दिलें कीं साठ मुलांच्या वर्गासाठीं तें साठ वेळां समजावून द्यावें लागत नाहीं. फक्त नांवांचे लखोटे पाठवीत जावें.

येथपर्यंत आम्हां तिघांचें एकमत होतें. वाद झाला तो पुढच्या प्रश्नावर. डेटाबेसच्या दारापर्यंत जाण्यापूर्वी, आमच्या लायब्ररीच्या स्वतःच्या घरांत, हें 'अमुक' असलेलें वाक्य कोणत्या रूपानें ठेवावें?

आमच्यापैकीं एकाचें म्हणणें, रूढ रीत बरी. वाक्य ही एक ओळ, त्यांत प्रत्येक रिकाम्या जागीं प्रश्नचिन्ह, आणि शेजारीं नांवांची क्रमवार यादी. जावा भाषेचे लोक सन १९९७ पासून असेंच करीत आले आहेत. यावर दुसऱ्यानें खिडकींतून बाहेर बोट दाखविलें. राजारामपुरींत पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली असे क्रमांक आहेत, आणि परगांवच्या पाहुण्यास तें फार सोयीचें पडतें. परंतु समजा उद्यां चौथ्या व पांचव्या गल्लीच्या मध्यें एक नवी गल्ली निघाली. पुढच्या सर्वांचे क्रमांक एकानें सरकतील, आणि पोस्टमन नव्या पांचव्या गल्लींत जुन्या पांचवीचीं पत्रें टाकून येईल. वाक्यांत बारा प्रश्नचिन्हें असलीं आणि कोणी मध्यें तेरावें घातलें, तर जन्मतारीख प्रवेशाच्या तारखेच्या जागीं जाऊन बसते. दोन्ही तारखाच, डेटाबेस तक्रार करीत नाहीं. दहावीच्या वर्षीं मूल वयानें दहा वर्षांनीं लहान ठरतें, तेव्हां कळतें.

म्हणून दुसऱ्याचा आग्रह असा कीं, जुन्या शहरांतल्याप्रमाणें जागांस नांवें द्यावीं. मंगळवार पेठ मंगळवार पेठच राहते, शेजारीं काय उभें राहिलें याची तिला पर्वा नाहीं. वाक्यांत 'आडनांव' अशी जागा, यादींत 'आडनांव' या मथळ्याखालीं डिसोझा. हें वाचावयास सुंदर खरें. परंतु पोस्टग्रेसला क्रमांकच समजतात. तेव्हां नांवांचे क्रमांक करण्यासाठीं लायब्ररीस तें वाक्य स्वतः वाचावें लागतें. जागेची खूण म्हणून आपण अपूर्णविराम घेतला, तर 'सकाळीं १०:३०' यांतील अपूर्णविरामही तिला जागेसारखा वाटणार. पोस्टग्रेसमध्यें दोन अपूर्णविराम जोडून लिहिण्याचा आणखी एक निराळाच अर्थ आहे. प्रश्नचिन्हाचीही तीच गत. सन २०१४ मध्यें आलेल्या ९.४ या आवृत्तीपासून त्या डेटाबेसमध्यें तेंच चिन्ह जेसॉन या प्रकारच्या माहितीसाठीं स्वतंत्र अर्थानें वापरूं लागले, आणि जावावाल्यांना त्या अर्थीं दोन प्रश्नचिन्हें लिहिण्याची तोड काढावी लागली. पायथॉन भाषेच्या मंडळींनीं सन १९९९ च्या सुमारास आपला नियम लिहिला तेव्हां कोणतीही एक खूण ठरविली नाहीं. पांच निरनिराळ्या पद्धति मान्य करून ते मोकळे झाले. त्यांतल्या दोन तर साध्या चिकटविण्याच्या रीतीसारख्याच दिसतात, त्यामुळें नवशिक्या मुलाला आपण योग्य मार्गानें चाललों आहों कीं चुकीच्या, तेंच कळत नाहीं.

तिसऱ्यानें जो विचार मांडला तो आम्हांस प्रथम विक्षिप्त वाटला. त्याचें म्हणणें, वाक्य ही एक ओळ आहे ही कल्पनाच सोडून द्या. कोल्हापुरी साजांत पान, मणी, पुनः पान, पुनः मणी अशी ओवणी असते, तसें वाक्य ठेवा: आज्ञेचा तुकडा, मग नांव, मग आज्ञेचा तुकडा, मग नांव. तुकडे निराळ्या जातीचे, नांवें निराळ्या जातीचीं. दोन साज जोडून एक लांब साज करतां येतो. तसें 'आडनांव अमुक असावें' यास 'आणि इयत्ता तमुक असावी' हा दुसरा सर जोडावा. क्रमांक अगदीं शेवटीं, वाक्य दाराबाहेर पडतांना घालावयाचे, म्हणजे मध्यें कितीही मणी ओवले तरी गल्ल्या सरकण्याचें भय नाहीं. वाक्य वाचीत बसण्याचीही गरज नाहीं, कारण तें कधीं एकत्र झालेलेंच नसतें.

ही कल्पना त्याची एकट्याची नव्हती. जावास्क्रिप्ट भाषेनें सन २०१५ मध्यें आणि पायथॉननें ऑक्टोबर २०२५ मध्यें, आपल्या ३.१४ या आवृत्तींत, तुकडे व नांवें अशीं निरनिराळीं ठेवणारी लेखनपद्धति भाषेंतच आणली आहे. आम्हीं शेवटीं हेंच रूप स्वीकारलें. बाहेरून लिहिणारानें जागांस नांवें द्यावीं, आंत मात्र साज. आणि एक कडक नियम घातला: आज्ञेचा तुकडा लायब्ररी वापरणाऱ्या कारागिरानें स्वतःच्या हातानें प्रोग्रॅममध्यें लिहिलेला असला तरच तो तुकडा. अर्जांतून, पडद्यावरून, जालावरून आलेला कोणताही शब्द हा मणीच. मण्याचें पान करण्याचा रस्ता आम्हीं ठेवलेलाच नाहीं.

या नियमाचा त्रासही होतो, तो लपवीत नाहीं. कोष्टकाचें नांव किंवा स्तंभाचें नांव 'अमुक' करून चालत नाहीं. व्याकरण लावतांनाच तें डेटाबेसला हवें असतें. यजमानाचें नांव सोडतां येतें, पण संकल्प पूजेचा कीं श्राद्धाचा हें पुढें ठरवूं असें म्हणतां येत नाहीं. यादी कोणत्या स्तंभाप्रमाणें लावावी हें पडद्यावरून निवडावयाचें असेल, तर आम्ही तीं चार-पांच स्तंभांचीं नांवें आधींच लिहून ठेवण्यास सांगतों. निवड त्यांतूनच व्हावी. एका ग्राहकानें यावर तक्रार केली कीं, दुसरी लायब्ररी एवढी कटकट करीत नाहीं. करीत नसेल. कित्येक लायब्रऱ्या वरून 'अमुक' घेतात आणि आंत गुपचूप चिकटवून एकच ओळ पाठवितात, पी.एच्.पी.मधील पी.डी.ओ. ही लायब्ररी मायएसक्यूएल या डेटाबेसच्या बाबतींत, मुद्दाम बदल न केल्यास, असेंच करिते. ती चिकटवितांना काळजी घेते हें खरें. परंतु दोन लखोटे दिले असतां वकिलानें ते वाटेंत फोडून एक करावे, हें आमच्या मनास पटत नाहीं.

वही लिहिण्याविषयींही थोडें ठरवावें लागलें. लायब्ररी काय काय विचारीत गेली याची नोंद कारागीर ठेवतात, म्हणजे पुढें बिघाड शोधतां येतो. त्या नोंदींत आम्ही वाक्य 'अमुक'सह लिहितों आणि नांवें लिहीतच नाहीं. फक्त किती होतीं व कोणत्या जातीचीं होतीं एवढेंच. मुलांचीं नांवें, जन्मतारखा, पालकांचे दूरध्वनि क्रमांक बिघाडाच्या वहींत पडून राहण्याचें कारण नाहीं. वाक्य व नांव पहिल्यापासून निराळीं ठेवल्यामुळें ही गोष्ट फुकटांत साधली.

आतां लायब्ररींत लहानसा बदल केला तरी आम्ही तिच्यासमोर नांवांची एक यादी टाकतों. तींत डिसोझा आपल्या खुणेसह आहे, आयर्लंडचा ओब्रायन त्याच्या खुणेसह आहे, मोठ्या थोरल्या जोडाक्षरांचीं देवनागरी नांवें आहेत, मध्यें स्वल्पविराम असलेलें एक आहे, आणि संपूर्ण एक आज्ञाच नांव म्हणून लिहिलेली आहे, ती आमच्या मिस्किल यजमानाची. सर्व नांवें आंत जातात आणि जशींच्या तशीं बाहेर येतात. गेल्या महिन्यांत त्यांत एक नवें नांव पडलें. सीमेपलीकडून, कर्नाटकांतून आलेल्या एका मुलाचें. त्याला आडनांव नाहीं, नुसतें नांव आणि पुढें गांवाचें आद्याक्षर. त्याची आडनांवाची जागा कोरी पाठवावी, कीं ती जागाच त्याला नाहीं असें डेटाबेसला सांगावें? एस्‌क्यूएलमध्यें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. कोरें आडनांव शोधलें तर आडनांव नसलेला सांपडत नाहीं, आणि 'नाहीं' याची 'नाहीं'शीं तुलना केली तर डेटाबेस 'होय' असें उत्तर देत नाहीं. आम्हां तिघांपैकीं दोघे एका बाजूस आहेत, तिसरा दुसऱ्या बाजूस. आणि हा लेख छापावयास जाईपर्यंत तरी तो ऐकावयास तयार झालेला नाहीं.